वैद्याऐवजी बाटल्या

सगळ्यात ताकदवान पेशा कोणता, या एका प्रश्नावर आम्ही चौघं सहा वर्षं भांडलो. लढवय्या, जादूगार, चोर आणि वैद्य यांच्यात कोण भारी, असा तो प्रश्न. ऐकणाऱ्याला हसू येतं, याची मला सवय आहे. पस्तिशी ओलांडलेली बाई, लातूरला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि दर रविवारी नांदेडला जाऊन नसलेल्या राक्षसांशी लढते, म्हटल्यावर लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. बघू द्या. मला त्या खेळाची लाज कधी वाटली नाही. लाज वाटावी अशी गोष्ट मी केली ती फार नंतर, आणि तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

खेळ असा. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो. तुम्ही पडक्या गढीच्या दारात उभे आहात, आत कुणीतरी कंदील घेऊन चाललंय, काय करता? बाकीचे तिघं आपापल्या पात्राच्या वतीनं बोलतात आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचं एक पान असतं. त्यावर त्याची ताकद, हत्यारं, जखमा, सगळं पेन्सिलीनं लिहायचं. आणि प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. तो एकदा घेतला की सुटत नाही.

गोष्ट सांगणारा आमच्यापेक्षा कॉलेजात दोन वर्षांनी पुढे होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो, अजून म्हणतो. खेळ त्याच्याच घरी व्हायचा. हैदराबादला नोकरीत असताना तो हा खेळ शिकला आणि नांदेडला परतताना फासे खिशात घालून आला. लढवय्या माझ्याच वर्गातला, लोहा गावचा, म्हणून तो लोह्याचा. घरची शेती आणि पाइप-मोटारींचं दुकान बघतो. आणि तिसरी माझी मैत्रीण. ती उदगीरची, मी बिलोलीची. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगची चार वर्षं हॉस्टेलच्या एका खोलीत काढलेल्या आम्ही दोघी. तिचं लग्न नांदेडात झालं, मी लग्न केलं नाही, पण आमच्यात त्यानं काही फरक पडला नव्हता. असं मी समजत होते.

पहिल्या रविवारी दादानं पेशे वाचून दाखवले तेव्हा मला लढवय्या व्हायचं होतं. रागाला वाट मिळेल म्हणून. पण लोह्याच्यानं आधीच तलवारीवर हात ठेवला होता. मग मी जादूगार म्हणाले, तर मैत्रीण माझा हात धरून म्हणाली, "जादूगार मी होते ना गं. तू वैद्य हो. कुणीतरी वैद्य लागतंच, अन् तुला लई भारी जमंल. हॉस्टेलला सगळ्यांचा ताप तूच बघायचीस." मी झाले. माझ्या पानावर मी एक म्हातारी वैद्यबाई लिहिली, गुडघे दुखणारी, जिभेची तिखट. तिला निर्माण करायला मला अजिबात कष्ट पडले नाहीत.

आता त्या भांडणाबद्दल सांगते, कारण त्यात माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

लोह्याचा म्हणायचा, "लढवय्याच भारी. बाकीच्यांचं सगळं संपतंय, आपली तलवार संपत न्हाई." ते खरं होतं. जादूगाराचे मंत्र दिवसाला मोजून तीन-चार, माझे उपचारही तसेच. लढवय्या सकाळी जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी असतो, फक्त जखमी. त्याची ताकद साधी आहे म्हणून लोक तिला नावं ठेवतात. पण दारात उभं राहून घाव अंगावर घेणारा माणूस नसेल, तर मागच्यांचं शहाणपण दोन मिनिटं टिकत नाही. मी सहा वर्षं त्याच्या पाठीमागे उभी होते. त्याची किंमत मला माहीत होती.

जादूगाराचं उलटं. सुरुवातीला तो इतका हलका असतो की अंगावर कोंबडी धावून आली तरी घाबरावं. पहिलं वर्षभर मैत्रिणीचा जादूगार दर रविवारी आडवा पडायचा. पण टिकला तर मग त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. एका मंत्रात वीस जण जळतात. लढवय्या दिवसभर घाम गाळून जेवढं करतो तेवढं हा एका वाक्यात करतो. मी नेहमी म्हणायचे की जादूगाराची ताकद खरं तर उसनी असते, पहिल्या वर्षात त्याला कुणी जगवलं यावर ती उभी असते. मैत्रीण हसायची आणि म्हणायची, "झालं हिचं लेक्चर सुरू."

चोर आमच्यात कुणीच नव्हता. दादा अधूनमधून त्याची बाजू मांडायचा. कुलूप, सापळे, भिंती, सगळं त्याला उघडतं. पण चोराची सगळी ताकद समोरच्याचं लक्ष नसण्यात असते. तोंडावर आला की तो अर्धा माणूस. मला तो पेशा कधी आवडला नाही.

आणि वैद्य. वैद्याची अडचण ही की त्याचा चांगला दिवस दिसत नाही. कुणी पडलं नाही, कुणी मेलं नाही, तर वैद्यानं काय केलं, असं वाटतं. जादूगारानं पूल जाळला ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्या पुलावर तो चालत पोचला, कारण आदल्या लढाईत मी त्याच्या पोटातला बाण काढला होता, हे कुणाला आठवत नाही. हे मी भांडताना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी माझं मलाच रडगाणं वाटायला लागलं होतं. पण एक गोष्ट मी छाती पुढे काढून सांगायचे. सहा वर्षांत माझ्या टेबलावर कुणी मेलं नव्हतं. म्हणजे मेले होते, पण मी परत आणले होते.

त्यासाठी आमचा आमचाच एक नियम होता. खेळाच्या पुस्तकात मेलेल्याला परत आणायला हिरे वगैरे लागतात. दादा म्हणाला, हिऱ्यांत काय मजा? आपल्याकडे वैद्यानं मेलेल्याची एक चांगली गोष्ट सांगायची. पात्राची नाही, खेळणाऱ्या माणसाची, खरी घडलेली. आणि आधी कधी न सांगितलेली. सांगितली की जिवंत. नाही सांगता आली तर त्याचं पान तिथंच चार तुकड्यांत फाडायचं. पहिल्यांदा लोह्याचा विहिरीत पडून मेला, तेव्हा मी सांगितलं की ऐन मे महिन्यात माझ्या पंक्चर स्कूटीला धक्का मारत हा विष्णुपुरीपासून गावात आला होता आणि वर स्वतःच मला उसाचा रस पाजला होता. तो लाजून लाल झाला. आत मुरमुऱ्यांची सुशीला फोडणीला टाकत असलेल्या दादाच्या आईनं, म्हणजे काकूंनी, तिथूनच टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीसाठी तर मी सहा वर्षांत पाच वेळा बोलले होते आणि पाचही वेळा मला क्षणभरसुद्धा आठवावं लागलं नव्हतं.

चौथ्या वर्षी मला लातूरला नोकरी लागली. नांदेडच्या दुप्पट काम, पण शिकवायला मिळत होतं. रविवार सुटू नये म्हणून मी रविवारच्या टेस्ट दुसऱ्या सरांच्या गळ्यात घातल्या आणि त्या बदल्यात सोमवारी पहाटेची रिपीटर मुलांची बॅच घेतली, जी कुणालाच नको असते. रविवारी सहाची एसटी पकडायची, अहमदपूर, लोहा करत साडेनऊ-दहापर्यंत नांदेड. चारला परतीची गाडी. दोन वर्षं मी हे केलं. कॉलनीतल्या बायकांना वाटायचं माझं कुठंतरी जमलंय. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण खरं कारण सांगितलं असतं तर त्यांना जास्त काळजी वाटली असती.

जाताना मी कागद न्यायचे. आमच्या क्लासमध्ये टेस्टच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे ढीग पडतात, एका बाजूला छापलेल्या, दुसरी बाजू कोरी. दर महिन्याला मी एक गठ्ठा पिशवीत घालून नांदेडला पोचवायचे. पात्रांची पानं, मंत्रांच्या याद्या, गढ्यांचे नकाशे, सगळं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यामुळे टेबलावरचा प्रत्येक कागद दुसऱ्यासारखाच दिसायचा. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

दिवाळीच्या आधीचा रविवार अदलाबदलीचा. एका वर्षी पेशांवरून भांडण इतकं चढलं की लोह्याचा ताटावरून उठला, तेव्हापासून दादानं ही पद्धत पाडली होती. स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल त्याची अख्खी फाइल घ्यायची आणि दिवसभर त्याचं पात्र खेळायचं. स्वतःचीच निघाली तर सुटला. खेळ संपला की प्रत्येकानं, हातात आलेल्या पेशाची एक ताकद मोठ्यानं सांगायची, जी त्याला आधी कळली नव्हती. टिंगल चालणार नाही. मला हा दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा.

मागच्या वर्षी त्या दिवसाच्या आदल्या रविवारी दादाचा मेसेज आला होता. आईची तब्येत बरी नाही, या वेळी नको. मी लातूरलाच राहिले, काळजीनं दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. पुढच्या रविवारी, म्हणजे अदलाबदलीच्या दिवशी, मी काकूंसाठी पेरू घेऊन निघाले. लोह्याचा त्याच्या गावच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता, तो कधीकधी असा थांबायचा. पुढचे तीस किलोमीटर तो तुरीबद्दल, पाइपांबद्दल, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिला. इतकं तो कधी बोलत नाही. मला वाटलं, गडी आज खुशीत आहे.

दारात काकू उभ्या. मी पेरू त्यांच्या हातात दिले आणि विचारलं, "काकू, आता बरं वाटून राहिलंय का?"

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "तूच गेल्या रविवारी आली न्हाईस. तुझ्या वाट्याची सुशीला मी काढून ठेवली होती बाई. पार मुरमुरे गिच्च झाले."

मी दादाकडे पाहिलं. तो वाटीत चिठ्ठ्या टाकत होता, आणि चिठ्ठ्या टाकायला एवढं वाकावं लागत नाही. पण माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो! मी मनात म्हटलं, असेल काही घरचं, सांगायचं नसेल. आणि बसले.

लोह्याच्याला त्याचीच चिठ्ठी निघाली, तो सुटला. मला जादूगार आला, मैत्रिणीला वैद्य. आम्ही फाइली बदलल्या. ती तेव्हा सुशीला खात होती, डाव्या हातानंच तिनं फाइल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घे, जाळ सगळ्यांला." मी हसले.

दुपारी दादा गोष्टीत एका नदीचं वर्णन करत होता तेव्हा मी मंत्रांची यादी शोधायला फाइल उघडली. तीन याद्या होत्या. चौथा कागद यादी नव्हता. मागची प्रश्नपत्रिका मी ओळखली, कारण ती मीच काढलेली होती, घर्षणावरचा धडा, आणि तो गठ्ठा मी पंधरा दिवसांपूर्वीच नांदेडला आणला होता. म्हणजे हे लिहिलं गेलं ते मी नसलेल्या रविवारी. वर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, नवीन खेळ, पेशांची तुलना. खाली रकाने पाडलेले. लढवय्या, ताकद आणि उणीव. जादूगार, ताकद आणि उणीव. चोराच्या रकान्यात कुणाचं तरी नवीन अक्षर होतं, गोलगोल, आणि ते मोठ्या उत्साहानं भरलेलं होतं. वैद्याच्या रकान्यात ताकदीची जागा कोरी होती. उणीव म्हणून दादानं लिहिलं होतं: खेळ संथ होतो, प्रत्येक नियमावर अडतं, चार वाजले की सगळं थांबतं. त्याखाली, वैद्य नकोच, औषधाच्या बाटल्या ठेवू, बाटल्यांनी भागतं. लोह्याच्याचं अक्षर बारीक, कोपऱ्यात, तिला कोण सांगणार? आणि त्याच्यापुढे ते अक्षर, ज्याच्या नोट्सवर मी चार वर्षं पास झाले होते: मी सांगते. दिवाळी होऊ दे.

मला आधी काहीच वाटलं नाही. मी शिक्षक आहे, म्हणून आधी मी तो कागद तपासला. नियमावर अडतं, हे बरोबर होतं. मी अडवायचे. फासा टेबलाखाली पडला तर तो धरायचा नाही, हे सहा वर्षं मीच सांगत होते. चार वाजता थांबतं, हेही बरोबर. त्यांना माझा कंटाळा आला असेल तर तेही एक वेळ मला समजलं असतं. चार वाजता थांबणारी वैद्यबाई नव्हती, मी होते. पण मला काढायचं हे तोंडावर म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून त्यांनी पेशाची तुलना मांडली आणि त्यात मला हरवलं. आणि ताकदीचा रकाना कोरा ठेवला. पाच वेळा जिला मी उठवून बसवलं, तिनं तो कोरा रकाना बघितला आणि पेन उचललं ते फक्त तारीख ठरवायला. हे कळलं तेव्हा माझ्या हातात तिचा जादूगार होता.

मी कागद जागेवर ठेवला आणि खेळत राहिले. नदीतून काहीतरी आलं, मोठं, बऱ्याच हातांचं. लोह्याचा पुढे झाला आणि दोन घावांत आडवा पडला. माझ्या जादूगारालाही ओरखडा गेला, किरकोळ. उपचार मैत्रिणीच्या हातात होता आणि तेवढा एकच शिल्लक होता.

"लवकर सांग," दादा म्हणाला. "वैद्य कुणाकडं धावून राहिलाय?"

तिनं माझ्यासमोरच्या पानाकडे पाहिलं. तिच्याच पानाकडे. "जादूगाराकडं," ती म्हणाली.

"अगं मी मरून राहिलोय इथं!" लोह्याचा ओरडला.

"तुझं बघू मग," ती म्हणाली. माझ्या वैद्यबाईनं सहा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मी मंत्र टाकला, ते जे काही होतं ते जळालं, लोह्याचा फाशाच्या मेहेरबानीनं वाचला. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

मग ताकद सांगायची वेळ आली. मैत्रिणीनं सुरुवात केली. वैद्यावर सगळ्यांचा भरवसा असतो, हे आज कळलं म्हणाली. छान हसून म्हणाली. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज मुलांना गप्प करताना येतो तसा आला. मी म्हणाले, "जादूगाराची ताकद ही की त्याला जवळ यावं लागत नाही. लांबूनच काम होतं. समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही." आणि तो कागद काढून वाटीखाली ठेवला.

लोह्याचा उठून पाणी प्यायला गेला आणि आतच थांबला. दादा म्हणाला, "तसं न्हाई गं, नुसतं बोलून राहिलो होतो आम्ही." मैत्रिणीनं कागद ओळखला. माझी अशी अपेक्षा होती की ती रडेल, निदान सॉरी म्हणेल. ती म्हणाली, "तू सगळी फाइल कशाला चाळलीस?"

"तूच दिलीस," मी म्हणाले.

"मी सांगणारच होते. तुझ्याच भल्याचं हाय. आरशात बघ ना एकदा, किती दमून राहिलीस तू. दर रविवारी एवढी सात तासांची बस."

"बसमध्ये मी बसते," मी म्हणाले. "त्यानं तुझी कंबर कशाला दुखते?"

मला आणखी बरंच बोलायचं होतं. वाक्यं तयार होती, अजून आहेत, अंघोळ करताना मी ती कधीकधी म्हणते. पण यांच्यासमोर रडायचं नाही एवढं एकच कळलं. मी माझ्या वैद्यबाईचं पान उचललं, घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि उठले. काकूंना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी दारात सुशीलाचा डबा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी डबा आण हं." लोह्याचा मागे धावत आला, स्टँडवर सोडतो म्हणाला. मी रिक्षा केली. साडेतीनच वाजले होते. चारच्या गाडीला त्या दिवशी पहिल्यांदाच मी वेळेआधी पोचले, आणि लोहा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडून घेतलं.

त्यानंतर मैत्रिणीचे तीन मेसेज आले. एकात दिवाळीच्या शुभेच्छा होत्या, पणतीच्या चित्रासकट. मी उत्तर दिलं नाही. रविवारच्या टेस्ट मी परत माझ्याकडे घेतल्या, पहाटेची रिपीटरची बॅच मात्र सोडली नाही, तोवर त्या मुलांचा लळा लागला होता. पाठकोऱ्या प्रश्नपत्रिका आता रद्दीत जातात. काकूंचा डबा माझ्या ओट्यावर आहे, त्यात मी जिरे ठेवते.

संक्रांतीच्या पुढच्या रविवारी, दुपारी, मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका लावत होते तेव्हा तिचा फोन आला. का उचलला ते सांगता येणार नाही. पलीकडे फासा लाकडावर घरंगळल्याचा आवाज आला आणि मला सुशीलाचा वाससुद्धा आला, शपथेवर सांगते.

"ऐक ना," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझा जादूगार मेला."

मी हातातली उत्तरपत्रिका गठ्ठ्यावर ठेवली.

"बाटल्या संपल्या. अन् मेल्यावर त्या चालतच न्हाईत. दादा म्हणून राहिला, जुना नियम अजून हाय. तुझं पान तू नेलंस, ते कुणी फाडलं न्हाई, म्हणजे तुझी वैद्यबाई अजून जित्ती हाय. फोनवर सांगितलं तरी चालंल. स्पीकरवर टाकलंय मी." ती थांबली. "सहा वर्षं झाली गं त्याला. एकच गोष्ट सांग. काहीबी."

एका जादूगारासाठी ती फोन करणारी नाही, हे मला कळत होतं. ती मला विचारत होती की आपल्यात काही उरलंय का. सगळ्यांसमोर, स्पीकरवर, तिच्या पद्धतीनं ती माफीच मागत होती.

आणि मला आठवत होतं. हॉस्टेलला मला डेंग्यू झाला तेव्हा ती परीक्षा बुडवून माझ्या उशाशी बसली होती. माझ्या पहिल्या मुलाखतीला तिनं तिची कोरी साडी दिली होती, घडीसुद्धा न मोडलेली. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी, मी लातूरहून पोचेपर्यंत, दवाखान्याच्या कागदावर नातं या रकान्यात तिनं मुलगी असं लिहून सही केली होती. बाबा ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे. यातली एकही मी त्या टेबलावर अजून सांगितली नव्हती. मी ती पुढच्यासाठी राखून ठेवली होती.

"आठवतंय का काही?" पलीकडून दादा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "एकही आठवत नाही."

मग ती म्हणाली, "बरं." फोन तिनं लगेच ठेवला नाही, त्यामुळे कागद फाटल्याचा आवाज मला ऐकू आला, एकदा, आणि जोडून पुन्हा एकदा. मी उत्तरपत्रिका पुढे ओढल्या आणि नंबर लावायला लागले. सहा वर्षांत माझ्या हातून गेलेला तो पहिलाच.